माइसनचा पोर्सलेन कारखाना: दात करणाऱ्याच्या नजरेतून

बोटापासून सुरुवात झाली.

दादरला आमच्या एक पारशी डॉक्टरीणबाई आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, दवाखाना अजून आठवड्यातले तीन दिवस उघडा. त्यांच्याकडची कॅप-ब्रिजची कामं गेली सव्वीस वर्षं माझ्या परळच्या लॅबमध्ये येतात. दोन वर्षांपूर्वी मापांच्या डब्याबरोबर बुटाचा एक खोका आला. आत कापसात गुंडाळलेली वीतभर उंचीची चिनी मातीची बाई. घेरदार झगा, झग्याला जाळीची झालर, उजव्या हातात मिटलेला पंखा, आणि डाव्या हाताची तर्जनी मुळातून गायब. सोबत केस पेपरच्या मागे लिहिलेलं: ‘डिकरा, एवढे दात करतोस, एक बोट कर.’

मी डॉक्टर नाही, डेंटल टेक्निशियन. डॉक्टर माप घेतात, दात आम्ही करतो. पोर्सलेनची पूड कालवायची, ब्रशने धातूच्या टोपीवर थर चढवायचे, फर्नेसमध्ये घालायचं, घासायचं, पुन्हा चढवायचं, शेवटी ग्लेझ. तीस वर्षं हेच. तेव्हा बोट म्हणजे किरकोळ काम वाटलं. पहिला विचार आला तो पोर्सलेन चढवून सरळ फर्नेसमध्ये सरकवायचा. नशीब, सरकवलं नाही. आमचं पोर्सलेन आणि त्या बाईचं पोर्सलेन तापताना सारखं फुगत नाही, निवताना सारखं आकसत नाही. बोट बसलं असतं आणि बाई तडकली असती. मग दातांच्या फटी भरायला वापरतात ते कंपोझिट घेतलं, थराथराने बोट उभं केलं, निळ्या लाइटखाली कडक केलं, नखाची रेघ कोरली, पॉलिश मारलं. ‘नवं कुठलं, जुनं कुठलं, मलाच कळत नाही,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वाक्यावर मी महिनाभर हवेत होतो.

बाईच्या तळाला निळा मुकुट आणि खाली ‘ड्रेस्डेन’ असा शिक्का होता. मला वाटलं, ड्रेस्डेन नावाचा कारखाना असणार. तसा कारखाना नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात पोर्सलेन रंगवणारे पुष्कळ स्टुडिओ होते. कोरा माल बाहेरून आणायचा, आपण रंगवायचा, आपला शिक्का मारायचा. त्यांतल्या चौघांनी १८८३ मध्ये हा निळा मुकुट एकत्र नोंदवून घेतला. अस्सल कारखाना शेजारच्या माइसन गावात, त्याचा शिक्का दोन निळ्या तलवारींचा. हे कळल्यापासून मला त्या गावाचा ध्यास लागला. बायको म्हणाली, दिवसभर पोर्सलेनच बघता, तेवढ्यासाठी परदेशी कशाला जायला पाहिजे? रास्त प्रश्न होता.

कोलोनला दर दोन वर्षांनी आमच्या धंद्याचं मोठं प्रदर्शन भरतं. २०२५ च्या मार्चमध्ये गेलो होतो. भाचा ओंकार ड्रेस्डेनला शिकतो, त्याला जर्मन येतं. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस सोडला आणि गाडी पकडली.

जाणाऱ्यांसाठी आधी वारांचं गणित, कारण ते चुकलं तर फेरी फुकट. एल्ब नदीकाठचा जुना बाजार शनिवारी. ड्रेस्डेनमधल्या त्स्विंगर राजवाड्यातला पोर्सलेन संग्रह सोमवारी बंद. राजाचा खजिना आहे तो मुख्य राजवाडा मंगळवारी बंद. माइसनला रविवारी जाता येतं. ड्रेस्डेनहून एस-१ लोकल, अगदी शेवटचं स्टेशन माइसन ट्रीबिशताल, तिथून चालत. टेकडीवर किल्ला दिसतो, तो आल्ब्रेख्ट्सबुर्ग. १७१० मध्ये कारखाना सुरू झाला तो त्या किल्ल्यात, आणि दीडशे वर्षं तिथेच होता. माती कालवायला किल्ला का, तर गुपित बाहेर जाऊ नये म्हणून.

गुपिताची गोष्ट थोडक्यात. योहान फ्रीडरिश ब्योटगर नावाचा पोरगा बर्लिनमध्ये औषधाच्या दुकानात उमेदवारी करत होता. आपण सोनं बनवतो अशी बढाई त्याने मारली. प्रशियाच्या राजाच्या कानावर गेली, तसा हा पळाला, तो ड्रेस्डेनहून राज्य करणाऱ्या सॅक्सनीच्या ऑगस्टसच्या हाती लागला. ऑगस्टसनेही सोन्यासाठीच त्याला कोंडून ठेवला. सोनं काही होईना. त्याला चिर्नहाउस नावाच्या विद्वानाच्या हाताखाली लावला, आणि १७०८ च्या सुमारास भट्टीतून निघालं ते पांढरं, कडक, आरपार उजेड झिरपणारं पोर्सलेन. तोवर हे युरोपात कुणाला जमलं नव्हतं, चीन-जपानकडे जमत होतं. ऑगस्टसला या भांड्यांचं वेड इतकं, की १७१७ मध्ये त्याने ६०० घोडेस्वार प्रशियाच्या राजाला दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्यांतल्या मोठ्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांना आजही घोडेस्वारांच्या बरण्या म्हणतात. ब्योटगर सदतिसाव्या वर्षी वारला. आमच्या धंद्यात सिलिकाची धूळ फार वाईट. त्याच्या भट्टीघराचं वर्णन वाचताना मला मास्क आठवत होता.

आता कारखाना. आत गेल्यावर गटागटाने चार खोल्यांतून नेतात: साचाकाम, जोडकाम, झिलईखालची रंगाई, झिलईवरची रंगाई. प्रत्येक खोलीत एकेक कारागीर समोर बसून खरं काम करतो आणि ध्वनिफितीवरून तुमच्या गटाच्या भाषेत माहिती चालते. आम्ही इंग्रजी गटात होतो. अर्धा-पाऊण तासाचा हा प्रकार आहे. बाकीच्यांना तो पुरला. माझी तर फक्त तोंडओळख झाली. मला विचाराल तर दुसऱ्या खोलीत मी दिवसभर बसलो असतो.

दुसऱ्या खोलीत चाळिशीतली एक बाई होती. आपल्याकडे फिटरला जोडारी म्हणतात ना, ती जोडारी. मूळ पुतळी मूर्तिकार एकदाच घडवतो. मग तिचे तुकडे करतात: डोकं वेगळं, दंड वेगळा, पंजा वेगळा, झग्याचा घेर वेगळा. प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा. साच्यातून निघालेले ओलसर राखाडी अवयव तिच्यासमोर फळीवर ओळीने मांडलेले होते, वीसेक तरी असतील. तिने दंड उचलला, तुटकी कड सुरीने खरवडली, तिथे पातळ मातीचा थेंब ब्रशने लावला, खांद्याला टेकवला आणि किंचित पिळ दिला. तो पिळ बघून माझे खांदे आपोआप हलले. हवा बाहेर काढायची असते. आत बुडबुडा राहिला की भट्टीत तिथे फुगा येणार, हे तिला ठाऊक, मला ठाऊक, ओंकारला नाही. मग सांध्यावरची शिवण ओल्या ब्रशने पुसली. पुसताना तिने श्वास रोखला होता. आम्हीही रोखतो.

कपाटात एकच पुतळी तीन अवस्थांत ठेवली होती: कच्ची, एकदा भाजलेली, झिलई चढलेली. शेवटची पहिलीपेक्षा सरळसरळ लहान. भट्टीत पोर्सलेन साधारण एक-षष्ठांश बसतं, म्हणजे आकसतं. ओंकार म्हणाला, ‘मामा, ही वेगळी साइज आहे.’ म्हटलं, बाळा, तीच बाई आहे, १४०० डिग्रीच्या वर जाऊन आल्यावर तूही बसशील. पहिली भाजणी ९००-९५० ला, आमच्या फर्नेसच्या आसपास. झिलईची मात्र १४०० च्या पुढे; तिथे आमचा माल वितळून तळाला डबकं झालं असतं. फरक मातीत आहे. त्यांच्या पोर्सलेनमध्ये मुख्य भाग केओलिन, पांढरी माती. गावाजवळ झाइलित्सला त्यांची स्वतःची छोटी खाण आहे. दातांच्या पोर्सलेनमध्ये केओलिन जवळजवळ नसतंच, सगळा कारभार फेल्डस्पार नावाच्या खनिजाचा. भाऊबंद आहोत, पण चुलत.

अजून एक गोष्ट, जी गटातल्या कुणी पाहिली की नाही कोण जाणे. हात पसरलेली पुतळी भट्टीत तशीच ठेवली तर हात वाकतो, म्हणून हाताखाली टेकू देतात. टेकू त्याच मातीचा, तोही कच्चा. का, तर पुतळी बसताना टेकूही तेवढाच बसला पाहिजे. पक्का टेकू दिला तर बाई खाली जाणार आणि टेकू जागीच राहून हात मोडणार. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि ती झालर! डॉक्टरीणबाईंच्या बाईच्या झग्यावरची जाळी कुणी एवढी बारीक कोरली असेल, हे कोडं मला दोन वर्षं होतं. कोरलेली नसतेच ती. खरी सुती लेस घेतात, पातळ मातीत बुडवतात, झग्यावर चुण्या घालून बसवतात. भट्टीत सूत जळून जातं आणि सुताच्या जागी पोर्सलेनची जाळी उरते. मी कपाळावर हात मारला. आम्ही मेणाचा दात करून, भोवती साचा ओतून, मेण जाळून टाकून त्या पोकळीत धातू ओततो. गणेशमूर्ती ओतणारे ओतारी तेच करतात. जळून जाणाऱ्या वस्तूवर भरवसा टाकायची युक्ती मी रोज वापरत होतो, आणि समोर असून ओळखली नाही.

रंगाईच्या खोल्यांवर जास्त लिहीत नाही. फुलं सुंदर काढतात, पेन्सिलीशिवाय. पण तलवारी कुठे काढतात ते बघा: झिलई चढण्याआधी, कोबाल्टच्या निळ्याने, हाताने. म्हणून अस्सल तलवारी झिलईच्या खाली असतात आणि नख फिरवलं तर लागत नाहीत. १७२० च्या दशकापासून हा शिक्का चालू आहे. तलवारींवर आडवे चरे मारलेले असतील तर माल दुय्यम प्रतीचा, असं कारखान्यानेच कबूल केलेलं असतं. आमच्या धंद्यात असा चरा मारायची पद्धत असती तर किती टेक्निशियन राहिले असते, हा विचार मी लगेच बाजूला ठेवला.

वरच्या मजल्यावरचं संग्रहालय प्रचंड आहे, पाय दुखतात. मी सांगेन, सगळं बघायच्या भरीस पडू नका. योहान योआखिम केंडलर या एका माणसाला शोधत फिरा. १७३१ मध्ये तो इथे आला तेव्हा पंचविशीचा होता, आणि १७७५ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. पुतळ्या आधी कशासाठी होत्या, तर मेजवानीच्या टेबलावर शेवटच्या गोड पदार्थांबरोबर मांडायला. त्याआधी त्या साखरेच्या करत. आपल्या संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांसारखं समजा, फक्त टिकाऊ. केंडलरने त्या टेबलावर अख्खा दरबार उभा केला, आणि त्याची टिंगलही केली. माकडांचा वाद्यवृंद आहे, प्रत्येक माकड दरबारी कोट घालून गंभीर चेहऱ्याने सूर लावतंय. घेरदार झग्याच्या बायकांच्या मांडीवर चपट्या नाकाची पग कुत्री आहेत. फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघावर पोपने बंदी घातल्यावर निघालेल्या दुसऱ्या एका गुप्त मंडळाची खूण ती. आणि एक शिंपी आहे, बोकडावर बसलेला, कात्री-इस्त्रीसकट. ब्र्युल नावाच्या मंत्र्याच्या शिंप्याने म्हणे दरबारी पंगतीत जेवायला बसायचा हट्ट धरला होता. केंडलरने त्याला पंगतीत नेऊन बसवला, पण टेबलावर, पोर्सलेनचा करून. शिंप्याच्या बोकडाचेही दात दिसतात. खालचे. मोजायला गेलो तर काचेला नाक लागलं.

माझ्या बॅगेत कोलोनहून घेतलेली शेड गाइड होती, दातांच्या रंगांची पट्टी. राहवेना. एका न रंगवलेल्या पुतळीसमोर काचेबाहेरून ती धरली. आमच्याकडचा सगळ्यात उजळ नेहमीचा रंग बी-१. पुतळी त्याच्याही पलीकडे. रखवालदार काकू जवळ आल्या. ओंकारने जर्मनमध्ये काय सांगितलं देव जाणे, पण त्या हसल्या आणि आपले दात दाखवून विचारू लागल्या की माझा कुठला? ए-३, मी सांगितलं. खरा ए-साडेतीन होता.

दुकानातल्या किमती नव्या पुतळ्यांच्या. बोटभर वस्तूलाही खिसा चाचपावा लागतो, आणि केंडलरच्या साच्यांतल्या मोठ्या पुतळ्या हजारो युरोंत. महाग आहेत का? काम बघितल्यावर महाग म्हणवत नाही. परवडत नाहीत, एवढंच. मी पोस्टकार्ड घेतलं. कॅफेत केक तलवारीवाल्या बशीतच येतो. खाऊन झाल्यावर ओंकारने बशी उलटी करून बघितली, आणि बघतो तर शेजारच्या टेबलावरच्या तिन्ही आजीबाईंच्या बश्या आधीच उलट्या. गावात ‘फुम्मेल’ नावाचा एक पदार्थ मिळतो, टम्म फुगलेल्या पुरीसारखा, आत नुसती हवा, हात लावला की चुरा. राजाचा जासूद वाटेत दारू पिऊन पडायचा, म्हणून गावच्या बेकरीवाल्यांना हे करायला लावलं, आणि हे अखंड पोचवलं तरच तू शुद्धीत, अशी त्याची परीक्षा ठेवली, अशी दंतकथा आहे. आमचा ड्रेस्डेन येईपर्यंत मोडला. प्यालो नव्हतो.

एकूण कारखान्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या दुसऱ्या खोलीत खुर्ची नाही म्हणून.

ड्रेस्डेनचा त्स्विंगर संग्रह मात्र पाचपैकी पाच, आणि तोही तिथल्या चुकांसाठी. १७३० च्या दशकात ऑगस्टसला पोर्सलेनची प्राणिशाळा हवी होती, जमेल तितकी खऱ्या मापाची. मोर, सिंह, गेंडा, बकरी. एवढी जाड आणि मोठी वस्तू भाजणं तेव्हा कुणाला जमलेलं नव्हतं. दालनात ते पांढरे प्राणी उभे आहेत आणि बहुतेकांच्या अंगावर भेगा आहेत: पोटाशी, मानेशी, पायांच्या सांध्यात. बोट जाईल एवढ्या. पुन्हा भट्टीत घालायची कुणाची हिंमत झाली नाही, म्हणून रंग नुसते वरून दिले होते. मी त्या बकरीसमोर बराच वेळ उभा होतो. फर्नेसचं दार उघडल्यावर चिमट्यात तडकलेला दात येतो तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो केंडलरच्याही पडला असणार. आणि त्यांनी तो माल फेकला नाही, लपवला नाही, राजाच्या समोर ठेवला.

मराठी माणसाने राजवाड्यातला खजिनाही चुकवू नये. पोर्सलेनशी संबंध नाही, तरी सांगतो. डिंगलिंगर नावाच्या ऑगस्टसच्या सोनाराने तिथे ‘औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार’ केला आहे: सोनं, मीनाकाम, हिरे, शंभरावर इवल्या मूर्ती, हत्ती-घोडे, नजराणे घेऊन आलेले सरदार, मधोमध सिंहासनावर आलमगीर. काम चाललं १७०१ ते १७०८. ओंकारने शांतपणे विचारलं, ‘मामा, त्या वर्षांत तो कुठे होता?’ कुठे असणार! म्हातारपणी आमच्या किल्ल्यांपुढे चिखलात तंबू ठोकून. १७०७ ला नगरला वारला. डिंगलिंगरचं काम संपलं तेव्हा तो खुलताबादच्या साध्या कबरीत होता आणि इथे अजून वाढदिवस चालू होता.

आता शनिवारचा बाजार; खरे शौकीन तिथे भेटले. आल्बर्ट पुलापाशी नदीकाठी टेबलं मांडतात. पूर्व जर्मनीच्या काळात माइसनचा माल डॉलर-मार्क कमवायला बाहेर जायचा, गावच्या लोकांच्या घरात तो क्वचित. घराघरांत असायच्या त्या थुरिंगियाच्या छोट्या कारखान्यांच्या नाचणाऱ्या मुली आणि हरणं. आता आजी-आजोबा गेले की नातवंडं ते खोके इथे आणून ओततात. पश्चिमेकडच्या गोबेल कंपनीच्या ‘हुम्मेल’ मुलांचेही तेच हाल. १९३५ पासून निघालेली ही गोबऱ्या गालांची पोरं युद्धानंतर अमेरिकन शिपायांनी पिशव्या भरभरून नेली, संग्रहाचे भाव चढले, आणि आता पाच-दहा युरोंत केळ्यांच्या खोक्यात पडून. ‘गुंतवणूक’ म्हणून जमवणाऱ्यांची तोंडं आठवून वाईट वाटलं. फार नाही.

एका टेबलाशी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या, निवृत्त नर्स. त्या फक्त पग कुत्री जमवतात. बायका नाहीत, मेंढपाळ नाहीत, फक्त पग. एकोणतीस आहेत म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा एक पग उचलला, तळ बघितला, मग शेपटी तोंडाजवळ नेऊन पुढच्या दातावर हलकेच टिकटिक वाजवली. मी बघतच राहिलो. ओंकारने विचारलं. त्या म्हणाल्या, झिलई असेल तर टक्क असा कडक आवाज येतो. डागडुजी करून वरून रंग मारलेला असेल तर आवाज मऊ, दाताला प्लास्टिक लागल्यासारखं वाटतं. बोटाला कळत नाही ते दाताला कळतं.

ज्या दातावर त्या तपासत होत्या ती कॅप होती. वरचा डावा समोरचा दात, पोर्सलेनची, जुन्या पद्धतीची, हिरडीशी धातूची करडी रेघ दिसत होती. म्हणजे पोर्सलेनवर पोर्सलेन. आवाज कडक येणारच! मी ओंकारला म्हटलं, त्यांना सांग, शेजारच्या खऱ्या दातावर वाजवा. ‘मामा, मी नाही सांगणार,’ तो म्हणाला. शेवटी सांगितलं. त्यांनी शेजारच्या दातावर वाजवलं, डोळे बारीक केले, पुन्हा कॅपवर, पुन्हा दातावर, आणि पग खाली ठेवला. विकणाऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की आम्ही पुढच्या टेबलाकडे सरकलो.

कॉफी प्यायला त्या आमच्याबरोबर आल्या. ड्रेस्डेनच्या फॉन क्लेम्पेरर या ज्यू बँकर कुटुंबाची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांचा माइसनचा संग्रह नामांकित. १९३८ मध्ये नाझींनी तो बळकावला, कुटुंब देशोधडीला लागलं. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री शहरावर बॉम्ब पडले तेव्हा त्यातला मोठा भाग ट्रकमध्ये भरलेल्या पेट्यांत होता. ढिगाऱ्यातून तुकडे वेचून संग्रहालयात ठेवले. पुढे १९९१ मध्ये वारसांना वस्तू परत मिळाल्या, त्यांतल्या बऱ्याच त्यांनी संग्रहालयालाच दिल्या. आणखी तुकडे नंतर सापडले, ते २०१० मध्ये लंडनला लिलावात निघाले: मुंडकी नसलेल्या, काजळलेल्या, झिलईवर राख चिकटलेल्या पुतळ्या. लोकांनी त्या तशाच विकत घेतल्या, तशाच ठेवल्या. ‘त्या दुरुस्त करणं म्हणजे खोटं बोलणं,’ बाई म्हणाल्या. ओंकार भाषांतर करत होता आणि मला दादरचं बोट आठवत होतं.

एवढं शिकून शहाणा झालेल्या माणसाने पुढे काय केलं ते सांगतो. परतीच्या वाटेवर, दुसऱ्या एका शहरात, जुन्या वस्तूंच्या दुकानात मी माइसनचा एक माळ्याचा पोरगा घेतला. हाताएवढा, डोक्यावर हॅट, काखेत फुलांची टोपली. शहराचं नाव नको, दुकानाचंही नको. तळ बघितला: तलवारी झिलईखाली, मुठींना गोळे, म्हणजे १९२४ च्या आधीच्या, कोरलेला मॉडेल नंबर होता, हवेचं भोक होतं. दुकानदाराने विचारल्यावर ‘काही तुटलेलं नाही’ असं तोंडी सांगितलं. ३२० युरो. दाताला लावून बघायचं? कोट-टाय घातलेल्या माणसासमोर मला लाज वाटली. तीस वर्षं दातांच्या जिवावर जगतो, आणि ऐन वेळी दाताची लाज वाटली.

परळला येऊन पोरांना दाखवला. आमच्याकडे यूव्ही टॉर्च असतो, कारण खरा दात यूव्हीखाली निळसर चमकतो आणि कॅप तशी चमकली नाही तर डिस्कोत माणूस दात पडल्यासारखा दिसतो. म्हणून दातांच्या पोर्सलेनमध्ये ती चमक मुद्दाम घालतात. कामावरच्या पोराने गंमत म्हणून दिवे बंद करून टॉर्च मारला. अख्खा माळी जांभळट काळा, आणि हॅटची अर्धी कड, उजवा पंजा आणि टोपलीतली दोन फुलं दुधाळ पेटलेली. कुणी काही बोललं नाही. मग मी पंजा दाताला लावला. मऊ.

दुकानाला फोटोंसकट लिहिलं. उत्तर आलं, वस्तू आहे त्या स्थितीत विकली होती. पावतीवर तसंच छापलेलं आहे, बारीक अक्षरांत. ओंकारने वाचून दाखवलं. घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की ‘दुरुस्ती नाही’ हे पावतीवर लिहून मागा, खिशात यूव्हीचा छोटा टॉर्च ठेवा, आणि लाज घरी ठेवून जा. हॅटच्या कडा, बोटं, मान आणि फुलं आधी बघा. मोडतं ते तिथेच. एक कबूल करतो, ज्याने तो पंजा केला त्याचा हात चांगला आहे. अंगठ्याचं नख माझ्यापेक्षा बरं काढलंय.

मग एका संध्याकाळी टॉर्च घेऊन दादरला गेलो. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, दिवे बंद केले. काचेच्या कपाटात त्यांची बाई काळोखात उभी, आणि डाव्या हाताची तर्जनी काजव्यासारखी. ‘अरे, हे तर छान दिसतंय,’ बाई म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या तुमच्या भाचीने ही विकायला काढली तर घेणाऱ्याला हे माहीत पाहिजे. तुमची परवानगी असेल तर तळाशी लिहितो. त्यांनी पुतळी उलटी करून माझ्या हातात दिली आणि पेन्सिल शोधायला लागल्या. मुकुटाच्या शेजारी, झिलई नसलेल्या कडेवर मी बारीक अक्षरांत लिहिलं: डावी तर्जनी, कंपोझिट, परळ, २०२३. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

‘शेड पण लिही,’ म्हणाल्या.

लिहिली. बी-१.